बडोद्यातल्या मराठी घराण्यांचा इतिहास कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करायची?

स्वतःपासून, आणि मग एकेक पिढी मागे. बहुतेक जण उलटे करतात. पिलाजीराव गायकवाडांच्या फौजेतला एखादा आडनावबंधू पकडतात आणि तिथून आपल्यापर्यंत धागा ओढत आणतात. आडनाव जुळले म्हणजे घर जुळले असे होत नाही. बडोद्यात एकाच आडनावाची, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली घरे एकाच गल्लीत नांदत होती.

आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. शाळा सोडल्याचे दाखले, पेन्शनचे कागद, घराचा दस्त, लग्नपत्रिका, जन्मटिपणे, देवघरातल्या पोथीच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या तिथी, सगळे एकदा मांडून बघा. जुन्या फोटोंची मागची बाजू पाहायला विसरू नका.

मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा. त्यांना ‘आपले पूर्वज कोण होते’ असे विचारलेत तर ठरलेली गोष्ट ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘सुतक कोणाकोणाचे धरायचो आपण?’ या एका प्रश्नातून भाऊबंदकीची अख्खी यादी बाहेर येते. कोणाचे दहा दिवस, कोणाचे तीन, कोणाची नुसती आंघोळ, हे आजीला पाठ असते. ‘कुलदैवताला जाताना वाटेत कोणाकडे उतरत होतो?’ हा दुसरा प्रश्न. मूळ गाव बहुधा त्यातच सापडते.

आमचे पूर्वज दमाजीराव गायकवाडांबरोबर गुजरातेत आले असे घरात सांगतात. खरे मानावे का?

मानायला हरकत नाही, पण लिहून ठेवताना पुढे ‘घरात सांगतात’ असे नोंदवा.

बडोद्यात मराठी माणसे एकदम आली नाहीत. पहिली लाट अठराव्या शतकातली. १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. त्यांच्याबरोबर शिलेदार, बारगीर, पागेदार, फडावरचे कारकून, भिक्षुक, आचारी, शिंपी, सुतार असे सगळे आले. दुसरी लाट १८७५ नंतरची. महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, सर टी. माधवराव दिवाण झाले आणि राज्यकारभाराची घडी नव्याने बसली. पुढे १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती अधिकार आले. शाळा, कॉलेज, न्यायखाते, बांधकाम, आरोग्य अशा खात्यांसाठी पुण्या-मुंबईकडची, कोकणातली शिकलेली माणसे आली. त्यानंतरही कलाभवनात (बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या शाळेत) शिकायला, रेल्वेत, गिरणीत माणसे येतच राहिली.

माझे निरीक्षण असे, की ज्यांना आपण पहिल्या लाटेतले वाटतो त्यांतले पुष्कळजण दुसऱ्या लाटेतले निघतात. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उलट, सरदाराच्या घोडदळातल्या बारगिराचे नाव हजेरीपटात एकदा येते आणि विरते. महसूल खात्यातल्या कारकुनाची मात्र नेमणूक, बदली, रजा, बढती, दंड, पेन्शन सगळे छापून येते. शोधणाऱ्याला सरदारापेक्षा कारकून पूर्वज जास्त लाभतो.

कोणती वर्तमानपत्रे पाहावीत?

बडोद्यापुरती तीन नावे आधी ध्यानात ठेवा. दामोदर सावळाराम यंदे यांनी १८८५ मध्ये काढलेले ‘बडोदा वत्सल’, त्यांचेच १८९३ पासूनचे ‘श्री सयाजी विजय’ आणि भगवंतराव पाळेकरांचे ‘जागृति’. ‘जागृति’ १९१७ मध्ये निघाले आणि संस्थान विलीन झाले त्या १९४९ सालापर्यंत चालले.

यंदे आणि पाळेकर दोघेही सत्यशोधक विचारांचे. याचा शोधणाऱ्याला थेट उपयोग आहे. पुण्याच्या पत्रांत ज्या घरांची दखल घेतली जात नसे, त्या मराठा, माळी, कुणबी, शिंपी अशा समाजांतल्या सभा, वसतिगृहे, परीक्षा पास झालेली मुले, खर्चाला फाटा देऊन साधेपणाने लागलेली लग्ने यांच्या बातम्या इथे येत. तुमचे घर या समाजांतले असेल तर ‘केसरी’ चाळण्याआधी ‘जागृति’ चाळा.

‘केसरी’ (१८८१ पासून) आणि ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९ पासून) यांत बडोद्याची पत्रे म्हणजे बातमीपत्रे येत असत. पुण्याकडून आलेल्या घरांच्या निधनवार्ताही तिथे सापडतात, कारण कळवायचे होते ते तिकडच्या नातेवाइकांना. गुजराती पत्रेही सोडू नका. पणजोबांची मातृभाषा मराठी असली तरी त्यांचा घरमालक, सावकार आणि वकील गुजराती असायचा.

हे अंक वाचायला कुठे मिळतात?

एका ठिकाणी सगळे मिळत नाहीत. बडोद्यात मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय या दोन जागी आधी विचारा. मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात केसरीवाडा आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. जाण्याआधी फोन करून कोणत्या वर्षांचे अंक आहेत आणि ते हाताळायला देतात का, एवढे विचारा. बांधलेल्या फाइलींचा कागद फार ठिसूळ झालेला असतो. पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून कधी कधी ‘नाही’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

अंक हातात आला. नेमके कुठे बघायचे?

पहिले पान सोडा. अग्रलेखात तुमचे पणजोबा नाहीत. शेवटची पाने, बारीक टाइपातला मजकूर आणि जाहिराती वाचा.

माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जाहीर नोटीस. तिचा साचा साधारण असा असे: ‘मौजे बडोदे, बाबाजीपुरा, अमुक पोळ (घरांची बंदिस्त गल्ली) येथील घर कै. अमुक यांचे नावे असून त्यांचे पश्चात वारस म्हणून त्यांचे पुत्र तमुक व सून गं. भा. फलाणी यांनी अर्ज केला आहे, तरी कोणाची हरकत असल्यास एक महिन्याचे आत कळवावे.’ आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस कोणाचे घर, उत्तरेस कोणाचा वाडा, दक्षिणेस नेळ (अरुंद बोळ). एवढ्याशा चौकटीत मृत्यूचा अंदाजी काळ, वारस, नाती, विधवा सून म्हणजे मुलगा आधीच गेलेला, पोळीचे नाव आणि दोन्ही शेजारी मिळतात. शेजाऱ्यांची नावे टिपून ठेवा. पुढे तुमच्या घरावरचे नाव बदलते, पण शेजाऱ्याचे तेच राहते आणि त्याच्या आधारे घर पुन्हा ओळखता येते.

त्याखालोखाल परीक्षांचे निकाल. बडोदा कॉलेज १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, त्यामुळे पदवीधरांची नावे मुंबई विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत आहेत. मग आभार मानणाऱ्या जाहिराती (‘आमच्या दुःखात सहभागी झालेल्या…’), वर्गणीदारांच्या याद्या, गणेशोत्सवाच्या व्याख्यानांच्या बातम्या, नाटक मंडळ्यांना दिलेल्या देणग्या. वर्गणीच्या यादीत आठ आणे देणाऱ्याचेही नाव छापलेले असते.

निधनवार्ता मी मुद्दाम मागे ठेवल्या. त्या काळी त्या थोड्यांच्याच छापल्या जात, आणि ज्यांच्या छापल्या जात त्यांची माहिती इतरत्रही असते.

नाव काही केल्या सापडत नाही.

पूर्ण नाव शोधत असाल तर सापडणार नाही. छापताना आद्याक्षरे घालत: रा. रा. ग. वि. जोशी. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ते नावाचा भाग नव्हे. वे. शा. सं. म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, भिक्षुक किंवा शास्त्री घराचा माणूस. रा. ब. रावबहादूर. गं. भा. म्हणजे विधवा. चि. म्हणजे वयाने लहान, पण लग्नपत्रिकेत तिशीचा नवरदेवही चि. असतो.

आडनावे बदलती असतात. फडणीस, पोतनीस, चिटणीस, मुजुमदार ही मुळात हुद्द्यांची नावे. काका फडणीस लावतात, पुतणे मूळचे गावावरचे आडनाव लावतात, असे एकाच घरात दिसते. शिवाय बदल्या. राज्याचे बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत होते आणि नोकरमाणूस या चारींत फिरे. मुलगा अमरेलीला जन्मला, नवसारीला शिकला आणि मुंज बडोद्यात झाली, असे तिन्ही ठिकाणी विखुरलेले कागद असतात. बडोद्यात नाव मिळाले नाही तर मेहसाणा आणि अमरेलीकडे बघा. कडी प्रांताचा कारभार नंतर मेहसाण्याहून चाले.

शके, संवत, सुहूर… तारखा जुळवायच्या कशा?

इथे बरेच जण अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फक्त जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवायचे. सोपे आहे.

गुजरातचा विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. कार्तिक ते डिसेंबर यासाठी ५७ वजा करा, पुढच्या आश्विनापर्यंत ५६. उत्तर हिंदुस्थानी पंचांगात मात्र संवत चैत्रात बदलतो, त्यामुळे काशी-प्रयागच्या पंड्यांच्या वहीतला संवत आणि बडोद्याच्या घरखताचा संवत एकच धरू नका. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, तो संवत १९५६ वरून. घरातली एखादी आठवण ‘छप्पनच्या काळची’ असेल तर ती इसवी सन १९५६ ची समजू नका. हे मी एकापेक्षा जास्त वंशावळींत पाहिले आहे.

सुहूर सन मोडी कागदांवर अक्षरांत लिहिलेला असतो, अरबी आकड्यांत आणि एककापासून: ‘सलास तिसैन मया व अलफ’. सलास तीन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११९३. त्यात ५९९ मिळवा, १७९२ आले. हे वर्ष मृगाला सुरू होते, तेव्हा जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे.

आणखी एक. बडोदे राज्याचे सरकारी वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे होते. अहवालात ‘१९११-१२’ असेल तर ते एप्रिल-मार्च नव्हे.

आज्ञापत्रिका म्हणजे काय?

बडोदे सरकारचे गॅझेट. नेमणुका, बदल्या, रजा, कायदे, लिलाव, नोटिसा सगळे त्यात. मजकूर बहुतांश गुजरातीत आहे. बडोद्यातल्या मराठी माणसाला यात अडचण नाही, बाहेरगावच्यांनी गुजराती लिपी आठवडाभर गिरवली तरी पुरे. वर्तमानपत्राच्या आधी आज्ञापत्रिका बघा, असा माझा आग्रह असतो. वर्तमानपत्रात बातमी येईल किंवा न येईल, नोकराची नेमणूक मात्र आज्ञापत्रिकेत यायचीच.

मोडी येत नाही. अडेल का?

छापील पत्रांसाठी नाही, ती बाळबोधच असतात. दप्तरातल्या कागदांसाठी अडेल. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चालतात, ऑनलाइनही. पण निव्वळ अक्षरओळख पुरत नाही. कागदाचा मायना, नेहमीचे संक्षेप आणि तारखेची जागा ओळखीची झाली की निम्मे काम होते. तोपर्यंत वाचणाऱ्याला द्या, आणि त्याला आधी सांगू नका की तुम्हाला काय सापडायला हवे आहे.

संस्थानचे दप्तर कुठे आहे?

बडोद्यातच. गुजरात सरकारच्या अभिलेखागार खात्याची दक्षिण वर्तुळ दफ्तर कचेरी कोठी परिसरात आहे, बडोदे राज्याचे जुने कागद तिच्याकडे आहेत. ओळखपत्र आणि अर्ज लागतो, विषय नेमका लिहावा लागतो. ‘माझे घराणे’ असा विषय लिहिलात तर समोरचा काय काढून देणार? खाते, गाव आणि पाच-दहा वर्षांचा पट्टा लिहा. उदाहरणार्थ: बारखळी (म्हणजे माफीच्या जमिनी), अमुक महाल (म्हणजे तालुका), १८८०-९०. पणजोबा भिक्षुक असतील तर दक्षिणा, वर्षासने, देवस्थाने. शिलेदार असतील तर लष्करी खाते. वाड्यावर चाकरीला असतील तर खानगी, म्हणजे महाराजांचे खासगी खाते.

रेसिडेंटाचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, इंग्रजी पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या यादी शोधता येते. नावे इंग्रजीत वाटेल तशी लिहिली आहेत, तेव्हा एकेका नावाची चार-पाच रूपे टाकून बघा.

पणज्यांचे काय? वंशावळीत बायकांची नावेच नाहीत.

नसतातच. ‘अपत्ये : तीन पुत्र, कन्या’ एवढ्यावर भागवलेले असते. लग्नात नाव बदलते म्हणून माग तुटतो. खुद्द राजघराण्यात पाहा: महाराणी दुसऱ्या चिमणाबाई देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई होत्या, आणि आधीच्या चिमणाबाई तंजावरच्या लक्ष्मीबाई.

उपाय माहेराकडून आहे. श्राद्धाच्या संकल्पात मातामह, मातामही, त्यांचे गोत्र यांचा उच्चार होतो. घरच्या भटजींच्या वहीत ही नावे लिहिलेली असू शकतात. शिक्षण खात्याच्या कागदांत शिक्षिकांची नावे स्वतंत्र येतात. बडोद्यात स्त्री-शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज १८८०च्या दशकातच होते आणि तिथे शिकणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. घरात जिच्याविषयी ‘ती लवकर गेली’ एवढेच सांगतात, ती प्रत्यक्षात पेटलादला चाळीस रुपयांवर शाळा चालवत होती, असेही निघू शकते.

वयांबाबत सावध राहा. बडोदे राज्यात १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, मुलीचे किमान वय बारा आणि मुलाचे सोळा ठरले. त्यानंतर कागदावर ‘वय १२’ लिहिलेल्या मुली फार वाढल्या. मोडणाऱ्यांना दंड होत असे, त्यामुळे दंडाची नोंद सापडली तर ती वयाचा जास्त खरा पुरावा.

घरात दत्तक झाल्याचे कोणी बोलत नाही.

पण कागद बोलतो. एकाच माणसाच्या नावामागे दोन वेगवेगळी वडिलांची नावे दिसली, किंवा वारसाच्या नोटिशीत हरकत घेणारे चुलते दिसले, की दत्तविधान शोधा. दोन्ही घरांच्या वंशावळी ठेवा, जन्मघरची खोडू नका. मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसून सयाजीराव झाले हे सगळ्या बडोद्याला पाठ आहे. स्वतःच्या घरातले दत्तक मात्र लपवायचे, याला काय म्हणावे?

कुलवृत्तांत, ज्ञातिसंस्था आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या कितपत उपयोगी?

गोखले, आपटे, साठे अशा बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. विसाव्या शतकातल्या नोंदी सहसा विश्वासार्ह, कारण त्या घराघरांतून फॉर्म भरून मागवलेल्या. त्यामागच्या पिढ्या तपासून घ्या. बडोद्याच्या शाखांना अनेकदा ‘गुजराथेत गेले’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढलेले असते. ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक अहवालांत शिष्यवृत्तीच्या आणि वर्गणीदारांच्या याद्या असतात, त्या मला कुलवृत्तांतांपेक्षा जास्त कामी आल्या.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा खरा खजिना. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया तर आहेतच. बडोद्याच्या लोकांनी नर्मदाकाठचे चांदोद आणि मातृगया म्हणून प्रसिद्ध असलेले सिद्धपूर विसरू नये. वहीत आलेल्या माणसाची सही असते, बरोबर कोण होते आणि कोणाच्या अस्थी आणल्या हे लिहिलेले असते. जाताना मूळ गाव माहीत हवे. उपाध्ये गाव आणि आडनाव यांवरून ठरतात, ‘आम्ही बडोद्याचे’ म्हणून वही निघत नाही. दक्षिणा द्या, आणि आपल्या पिढीच्या नोंदी लिहून या, बायकांच्या नावांसकट.

परदेशी वंशावळ संस्थांकडे आपल्यासाठी काही आहे का?

आहे, थोडे. अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळ संस्था १८९४ मध्ये स्थापन झाली. हरिद्वारसारख्या तीर्थांच्या वह्यांचे चित्रीकरण तिने केले आणि ते फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. बडोद्याच्या घरांना दुसराही उपयोग आहे. सयाजीरावांनी अनेक तरुणांना शिष्यवृत्तीवर परदेशी धाडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच शिष्यवृत्तीवर, परतल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करण्याच्या करारावर. तुमच्या घरातले कोणी असे गेले असेल तर न्यूयॉर्क बंदराच्या उतारूंच्या याद्यांत वय, जन्मगाव, उंची आणि घरच्या माणसाचे नाव मिळू शकते.

जनगणनेत पणजोबांचे नाव सापडेल?

नाही. अहवाल आकड्यांचे आहेत, माणसागणिक नोंदी खुल्या नाहीत.

जुन्या बातमीवरून जातीचा दाखला किंवा वारसा मिळतो का?

बातमीवर कोणी दाखला देत नाही. फार तर पूरक. शाळेचे जनरल रजिस्टर, जमिनीचे कागद, जन्म-मृत्यूची नोंद यांना वजन असते. गुजरातेत तलाठ्याकडून पेढीनामा (वंशावळीचा कागद) करून घ्यावा लागतो, वाद असेल तर वकील गाठा.

नको ते सापडले तर?

सापडेल. दिवाळे, फौजदारी, वाटणीचे दावे, दुसरे लग्न. शंभर वर्षांपूर्वी छापून आलेले आता झाकण्यात अर्थ नाही, असे माझे मत. पण हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते आणि भांडणे कुटुंबाच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आणि बातमी ही आरोपाची आहे की निकालाची, ते बघून मगच लिहा. आरोपाची बातमी मोठी येते, सुटल्याची दोन ओळींत, तीही दीड वर्षाने.

नोंदी ठेवायच्या कशा?

फोटो काढताना आधी अंकाचा मथळा आणि तारीख, मग पूर्ण पान, मग मजकूर. नुसते कात्रण टिपलेत तर महिन्याभरात ते कुठले हे तुम्हालाच सांगता येणार नाही. मूळ मजकूर आहे तसा उतरवा, अशुद्धासकट. तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात. जे अंक पाहिले आणि काही मिळाले नाही, त्यांचीही यादी ठेवा, म्हणजे चुलतभाऊ पुढच्या वर्षी तीच फाइल पुन्हा उघडणार नाही.